उजव्या हातात वर्तमानपत्र

माझं काम चुका पकडण्याचं. शॉट थांबला तेव्हा कप कुठल्या हातात होता, शर्टाचं वरचं बटण उघडं होतं की लावलेलं, चष्मा टेबलावर होता की कपाळावर, हे सगळं वहीत लिहायचं आणि पुढच्या शॉटला जुळवून घ्यायचं. सत्तावीस वर्षं हेच करतेय, आणि त्यापायी माझा स्वभाव बिघडला असं माझी बहीण म्हणते. खोटं नाही. कोणाकडे पाहुणी म्हणून गेले तरी मला आधी भिंतीवरची तिरकी तसबीर दिसते, घरची माणसं नंतर. अशा बाईने दोन वर्षं एक गोष्ट धडधडीत दिसत असताना लपवली. ज्यांच्यासाठी लपवली, त्यांना आम्ही सगळे ‘डॉक्टर’ म्हणायचो.

डॉक्टर म्हणजे एका शिंप्याचा मुलगा. जिन्याखाली वडिलांचं दुकान, त्यात एक मशीन आणि एक स्टूल. नऊ वर्षांचे असताना मशीनची सुई त्यांच्या उजव्या अंगठ्यातून आरपार गेली. नखाला मधोमध उभी चीर पडली, ती जन्मभर राहिली. जखम भरल्यावर वडिलांनी पुन्हा काजं करायला बसवलं. रोजची तीस काजं, एक टाका वाकडा गेला की सगळं उसवायचं. पुढे ते वीज कार्यालयात कारकून झाले, संध्याकाळी नाटकांत छोटी कामं करू लागले, रजा टाकून सिनेमाच्या गर्दीत उभे राहू लागले, पण हात शिंप्याचेच राहिले.

त्या हातांनीच त्यांना सिनेमात आणलं. एका सिनेमात नायक सर्जन होता, पण टाके घालायच्या शॉटला त्याचे हात लटपटायचे. सकाळ गेली, दिग्दर्शक वैतागला. गर्दीतल्या कोणीतरी सांगितलं की तो मागे उभा आहे तो शिंप्याचा मुलगा आहे. त्यांना हातमोजे चढवले, नायकाची अंगठी मोज्यावरून दिसेल तर बरं अशी कोणीतरी अक्कल पाजळली, आणि एका झटक्यात शॉट झाला. सिनेमा चालला. नायकाच्या हातांचं कौतुक झालं.

“मी तीनदा तिकीट काढून बघितला,” डॉक्टर सांगायचे. “तिसऱ्यांदा आईला नेलं. ती म्हणाली, अरे, तू कुठे दिसलाच नाहीस. म्हटलं, आई, तो बघ ना, टाके घालतोय तो मीच.”

त्यानंतर चेहऱ्यालाही काम मिळालं, पण डॉक्टरचंच. चाळीसेक सिनेमांत त्यांनी रुग्णाची नाडी सोडली, चष्मा काढला आणि नातेवाइकांना एक वाक्य सांगितलं. शेजारीपाजारी त्यांना गुडघे दाखवायला यायचे. त्यांची बायको हसून म्हणायची, “यांना साधी डोकेदुखीची गोळी ओळखता येत नाही हो, ती पण मीच आणते.”

मग वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मालिका मिळाली. आजोबांची भूमिका. मालिका सुरू होताना रोज एक हात भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचा, तो हात डॉक्टरांचा. नखावरच्या चिरेसकट. मेकअपवाला ती मेणाने बुजवणार होता, दिग्दर्शकाने बुजवू दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा हात त्यांच्या नावावर लागला. नऊ वर्षं तो हात घराघरांत दिसला.

सातव्या वर्षी एका जेवणाच्या सीनला मला काहीतरी खटकलं. डॉक्टरांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा पहिल्या बोटावर सारखा फिरत होता. सुईत ओवण्याआधी शिंपी दोऱ्याचं टोक वळतो, तसा. मला वाटलं जुनी सवय असेल. मी आपलं नेहमीच्या तोऱ्यात म्हटलं, “डॉक्टर, हे बोटांचं ठरवून करताय का? तसं असेल तर लिहून ठेवते, पुढच्या शॉटला लागेल.”

त्यांचा चेहरा उतरला. “नको लिहू,” एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी ते घडी घातलेलं वर्तमानपत्र घेऊन सेटवर उभे राहिले. हातात घट्ट काही धरलं की थरथर दिसत नसे. त्याच आठवड्यात त्यांची बायको माझ्या घरी आली. पाण्याचा पेला तसाच ठेवून म्हणाली, “कंपवात आहे. औषध चालू आहे. पण हे कळलं की त्यांना काढतील, आणि घरी बसवलं तर हा माणूस उभ्या उभ्या संपेल. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही म्हणे. तेवढं एक सुटू द्या.”

मी वहीत लिहिलं: आजोबा, उजव्या हातात वर्तमानपत्र. आमच्याकडे वहीत एकदा आलं की तो कायदा होतो. पुढच्या सीनला कोणी विचारलं की मी वही दाखवायची. आजोबा स्वयंपाकघरात, वर्तमानपत्र. दवाखान्यात, वर्तमानपत्र. नातीच्या लग्नातही वर्तमानपत्र. प्रेक्षकांना ती लकब इतकी आवडली की आजोबा वाचतात तरी काय, अशी पत्रं येऊ लागली. नवा तरुण दिग्दर्शक तर ती आपलीच कल्पना समजायला लागला. मी गप्प बसले. मला भीती वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटायचा.

नवव्या वर्षी लेखकाने नातीला बाळ दिलं. आजोबांनी पणतू दोन्ही हातांत उचलून घ्यायचा होता, उभ्याने. बाळ खरं होतं, मेकअपवाल्याच्या मुलीचं, तीन महिन्यांचं. मी रात्रभर वहीत पळवाट शोधत होते, बसून घ्या, मांडीवर द्या, असं काहीबाही. सेटवर बाळाची आई पुढे आली तसं डॉक्टरांनी वर्तमानपत्र टेबलावर ठेवलं. हात सगळ्यांसमोर थरथरू लागला.

“बाळ मला देऊ नका,” ते म्हणाले. “माझ्या हातांचा भरवसा नाही. दोन वर्षं झाली. हिने मला सांभाळून घेतलं, तिला काही बोलू नका.”

मी माझ्या वहीकडे बघत राहिले. मला माझीच शरम वाटली. मी त्यांना सांभाळलं खरं, पण जे सांगायची वेळ होती ते त्या माणसाला एकट्याने सांगावं लागलं.

निर्णय चार दिवसांत आला, गोड शब्दांत. आजोबा पत्र लिहून ठेवतील आणि बहिणीकडे राहायला जातील. शेवटचा सीन पत्राचा. पत्र लिहिणारा हात जवळून दिसणार होता, म्हणून हातासाठी दुसरा माणूस आणला. चांगला मुलगा होता, नाटकात काम करणारा, हात अगदी स्थिर. त्याला आजोबांचा सदरा घातला, बाही मनगटापर्यंत ओढली.

डॉक्टर कॅमेऱ्याशेजारी खुर्चीत बसले होते. तेच त्याला शिकवत होते. “पेन एवढं दाबू नकोस. म्हातारा माणूस आहे, घाई नाही त्याला.” मुलगा मान डोलावत होता. डॉक्टरांचा स्वतःचा हात वर्तमानपत्राखाली होता.

दिव्यांची तयारी झाली. शॉट सुरू झाला. मुलाने पहिली ओळ सुंदर लिहिली.

“थांबवा,” मी ओरडले.

दिग्दर्शक वळला. “आता काय झालं, ताई?”

“हात जुळत नाही.”

“ताई, एवढं कोण बघतंय?”

“नऊ वर्षं रोज बघतायत. मालिका सुरू होताना आजोबांच्या अंगठ्याच्या नखाला चीर आहे. याच्या नखाला नाही. मी हा शॉट वहीत घेणार नाही.”

“चीर मेकअपने करू.”

“खोटी ओळखू येईल,” मी म्हटलं. मेकअपवाला, ज्याची नात त्यांनी हातात घेतली नव्हती, ब्रश खाली ठेवत म्हणाला, “मला नाही जमायची.” इतक्या वर्षांत त्याला न जमलेलं काही मी पाहिलं नव्हतं.

मुलगा आपणहून उठला. डॉक्टर खुर्चीतून टेबलाशी आले, वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं आणि बसले. पेन धरल्यावर हात थोडा शांत झाला, मग पुन्हा थरथरला. अक्षरं बारीक, वाकडी उमटली. पाच ओळींना चार मिनिटं लागली. कोणीही ‘कट’ म्हटलं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि कड अंगठ्याने दाबली, चिरेच्या नखाने, कापड दाबावं तशी.

पुन्हा त्यांनी कधी काम केलं नाही. तीन वर्षांनी गेले. त्यांच्या बायकोने सांगितलं की तो भाग त्यांनी घरी एकदाच पाहिला, आणि हाताचा शॉट आला तेव्हा तिला कोपराने ढोसून म्हणाले, “बघितलंस? तो मी आहे.”

त्या दिवसाची वही माझ्याकडे आहे. शेवटची नोंद अशी आहे: आजोबा, उजवा हात रिकामा. थरथरतो. बरोबर आहे.