बिनचालकाच्या बसचे गुरुजी

बस डेपोत त्यांना सगळे गुरुजी म्हणत, पण शाळेचं तोंड त्यांनी सातवीनंतर पाहिलं नव्हतं. हे नाव पडलं नोकरीच्या शेवटच्या वर्षी. आपोआप चालणारी बस येणार होती आणि तिला चालवायला शिकवण्यासाठी इंजिनियर मंडळींनी डेपोतला एकच ड्रायव्हर निवडला होता. स्टिअरिंगला, ब्रेकला तारा जोडल्या, चहूकडे कॅमेरे लावले.

"रोजच्यासारखीच चालवा, काका," इंजिनियर बाई म्हणाल्या. "तुम्ही कराल तेच ती शिकेल."

इथेच माशी शिंकली. रोज गुरुजी लॉन्ड्रीजवळच्या स्टॉपवर दार उघडं ठेवून थांबत. शिवणकारखान्यात जाणाऱ्या काकू गुडघा सांभाळत, पिशवी हलवत बोळातून येत.

"काय काकू, उद्यापासून बस तुमच्या स्वयंपाकघरात आणू का?"

"आणा की! चहा पाजीन."

प्रवासी कुरकुरायचे. गुरुजी पुढच्या रस्त्यावर उशीर भरून काढायचे.

पण परीक्षक शेजारी बसल्यावर कोण आपल्या नेहमीच्या चालीनं चालतो? शिकवणीचे दिवस गुरुजींनी बस घड्याळाबरहुकूम हाकली. वेळ झाली की दार बंद. आरशात हलणारी पिशवी दिसायची, जीव कासावीस व्हायचा. थोडी कळ काढा काकू, ते मनात म्हणायचे, पाहुणे गेले की आपलं नेहमीचं आहेच. पाहुणे गेले ते गुरुजींची नोकरी घेऊनच. निरोपाच्या टाळ्यांत त्यांची छाती मात्र फुगली होती, हेही खरं.

पुढे एकदा सकाळी ते त्याच स्टॉपवर टेकले असताना काकू भेटल्या. हातात पिशवी नव्हती.

"आज सुट्टी?"

"कायमचीच. भोंगा झाला की कारखान्याचं गेट बंद. बस चुकायची, मी बाहेर. शेवटी घरीच बसा म्हणाले." काकू जरा घुटमळल्या. "मधे तुम्हीही थांबेनासे झालात. मला वाटलं, चहाचं बोलले त्याचा राग आला."

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "राग कसला हो! मी तिला शिकवत होतो," ते म्हणाले.

तेवढ्यात बस आली. उभ्या माणसाचा तोल जाऊ नये इतकी अलगद थांबली. तो ब्रेक गुरुजींचाच होता. बोळातून एक पोटुशी बाई "थांबा, थांबा" म्हणत येत होती. दार मिटायला लागलं.

"अगं, थांब ना!" गुरुजी बसवर ओरडले.

बस निघून गेली. गुरुजींनी शिकवलेलं ती काही विसरली नव्हती.