कोरडा पंप

गोपाळकृष्ण मेहेंदळे यांनी अडतीस वर्षं पाटबंधारे खात्यात दुसऱ्यांचं पाणी मोजलं आणि निवृत्त झाल्यावर विश्रांतवाडीच्या बंगल्यात स्वतःचं मोजायला घेतलं. पावसाळ्यात गच्चीवर पडलेलं पाणी पन्हाळीतून थेट अंगणाखालच्या टाकीत. होळीपर्यंत त्या टाकीला कुणी हात लावायचा नाही. होळी झाली की रोज सकाळी सातला पंप चालू करून मोजून दहा मिनिटं बागेला पाणी, ते मृगापर्यंत पुरलंच पाहिजे. पंपाच्या वर त्यांनी पाटी लावली होती : ‘पंप कोरडा चालवू नये. मोटर जळते.’ घरात माणसं दोन. एक ते स्वतः, दुसऱ्याला आता वाचलेलं समजत नव्हतं. पण पाटी लावल्याशिवाय राहील तो पुणेकर कसला!

दुसरं माणूस म्हणजे त्यांच्या पत्नी वासंतीबाई. तीन वर्षांपासून बाईंचं सगळं पुसलं जात होतं. आधी शेजारीपाजारी, मग मुलगी अपूर्वा, आणि गेल्या दिवाळीत त्यांनी नवऱ्यालाच विचारलं, “आपल्याला कोण हवंय?” एकावन्न वर्षांचा संसार! गोपाळकृष्ण न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. पाणी वाया घालवण्याची त्यांची ती आयुष्यातली पहिली वेळ.

आणि यंदा होळीनंतर पंप पहिल्यांदा घुरघुरला, तेव्हा बाई पदर खोचून अंगणात आल्या. नवऱ्याच्या हातातला पाइप पाहिला आणि म्हणाल्या, “आलात का? आधी जुईला घाला.” जुई त्यांच्या माहेरची, वाईहून आणलेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. त्या दहा मिनिटांत गोपाळकृष्ण त्यांचे ‘हे’ असायचे. बाकीचा दिवस ते घरात आलेले कुणी सभ्य गृहस्थ होते. पण माणूस दहा मिनिटांवरही जगतो हो, दुसरं काही मिळत नसेल तर.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पंपाने हवा धरली. गोपाळकृष्णांनी लगेच बंद केला, वरून तांब्याने पाणी भरलं, पुन्हा चालू केला. नुसती हवा. टाकीचं झाकण उघडून काठी सोडली. हिशेबाने पाणी छातीभर हवं होतं. काठी वीतभर ओली झाली.

टाकी बांधणारा लोहगावचा गवंडी सर्जेराव आत उतरला आणि मूठभर केसाळ मुळं घेऊन वर आला. “साहेब, भिंत फोडलीया. तुमच्या उंबरानं.”

हा उंबर सहा वर्षांपूर्वी टाकीच्या कडेला उगवला, पाखराने टाकलेल्या बीचा. तेव्हा सर्जेराव म्हणाला होता, “आत्ता दोन बोटांनी निघंल, उपटा.” वासंतीबाई तेव्हा शहाण्यासुरत्या होत्या, त्यांनीही तेच सांगितलं होतं. पण गोपाळकृष्ण दत्तभक्त. “औदुंबराला हात लावायचा नाही. तुम्हाला गवंडीकामाला बोलावलंय, प्रवचनाला नाही,” असं म्हणून त्यांनी सर्जेरावाला गप्प केलं आणि दर गुरुवारी झाडापाशी दिवा लावायला लागले. उंबर तिथे पाणी, हे खात्यातला हा माणूस जन्मभर लोकांना सांगत आला. स्वतःच्या अंगणात मात्र अक्कल गहाण टाकली.

“बुजवता येईल?” त्यांनी विचारलं.

“झाड जित्तं हाय तवर काय बी टिकायचं न्हाई.”

आता महापालिकेचं पाणी दिवसाआड, चार बादल्या. त्या टाकीत ओतून पाहिल्या. पंपाच्या नळीच्या तोंडापर्यंतही पोचल्या नाहीत, संध्याकाळी तळ कोरडा. मग तेच पाणी गोपाळकृष्ण गुडघे धरत धरत जुईला घालू लागले. जुई सुकतच गेली. खुरप्याने माती उकरली तर खाली जुईची मुळं कमी आणि उंबराची जास्त. जुईला घातलेलं पाणीही तोच पीत होता. वैशाखात उंबर हिरवागार, बाकी बागेचा पाचोळा. आणि बादली घेऊन वाकलेल्या म्हाताऱ्याकडे वासंतीबाई बघतही नव्हत्या. पंप वाजत नव्हता, म्हणून त्या दारापर्यंत येईनात. सारखं एकच, “हे अजून आले नाहीत.” अकरा दिवस.

बाराव्या दिवशी गोपाळकृष्णांनी सर्जेरावाला फोन केला. “झाड तोडायचंय. आज या.”

सर्जेराव म्हणाला, “रोप व्हतं तवा सांगत व्हतो साहेब. आता त्याला उंबरं लागली, सहा वर्सं दिवा लागला. लेकराबाळांचा धनी हाय मी. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गोपाळकृष्णांनी स्वतः कोयता घेतला. झाडाला हात जोडले, “महाराज, माफ करा, मला दुसरा मार्ग नाही,” म्हणाले आणि घाव घातला. तिसऱ्या घावाला पांढरा चीक मनगटावर ओघळला. त्यांना धाप लागली होती, ते रडत होते, आणि हात थांबत नव्हता.

“अहो! कोण आपण?”

वासंतीबाई दारात उभ्या होत्या, चौकट घट्ट धरून. “आमच्या बागेत कोयता घेऊन काय करताय? आमचे हे येतीलच आता जुईला पाणी घालायला. ते आले तर आपली धडगत नाही. जा इथून.”

गोपाळकृष्णांच्या हातातून कोयता गळला. “वासंती, अगं मीच,” ते म्हणाले. बाई आणखी मागे सरकल्या, दार लावून घेऊ लागल्या.

तेव्हा त्यांनी पाइप उचलला आणि पंपाचं बटण दाबलं.

पंप घुरघुरला. पाइपाचं कोरडं तोंड त्यांनी जुईच्या काटक्यांवर धरलं आणि पाठ अशी केली की मागून काही दिसू नये. दार उघडलं. पावलं जवळ आली.

“आलात का?” वासंतीबाई म्हणाल्या. “किती उशीर केलात आज. आधी जुईला घाला. आणि तो कोण माणूस झाड तोडत होता, त्याला हाकला आधी.”

“हाकलला,” गोपाळकृष्ण म्हणाले.

बाई पदर खोचून शेजारी उभ्या राहिल्या, त्यांच्या दंडाला धरून. पंपातून जळका वास यायला लागला होता. गोपाळकृष्णांनी मनगटावरचा चीक पुसून घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं झाली होती, अजून सात हवी होती.