नकाशात नसलेला जम्पर

माझा स्वभावच संशयी. दूध पातळ लागलं की मी दूधवाल्याचा चेहरा न्याहाळतो. वीज खात्यात अभियंता म्हणून मी वर्ध्याहून हिंगणघाटकडे बदलून आलो आणि त्याच सुमारास कार्यालयात लोड फ्लोचं सॉफ्टवेअर आलं. माझ्या स्वभावाला आयतं हत्यार मिळालं. तारा, रोहित्रं, गावं सगळं संगणकात भरायचं, मग कुठल्या लाईनवर किती वीज लागायला हवी ते तो सांगतो. उपकेंद्रातलं मीटर त्याहून जास्त दाखवत असेल, तर वीज मधेच कुठेतरी मुरतेय.

जाम गावाकडच्या लाईनवर ती मुरत होती. तीन महिने तपासलं, फरक हटेना. त्या लाईनवर एकच लाईनमन, जुना माणूस. हायवेवरच्या प्रत्येक ढाब्यावर त्याला चहा फुकट. मला तेवढं पुरलं. लोकांना चोरून तारा टाकू देतो आणि वर हसून नमस्कार करतो, असं वाटून माझं डोकं फिरायचं. शेजारच्या लाईनवर हिशेबापेक्षा जवळजवळ तेवढीच वीज कमी लागत होती, तेही पडद्यावर होतं. पण चोर मनात पक्का झाल्यावर बाकीचं कोण बघतं?

मी त्याच्या नावानिशी अहवाल तयार केला. तो वर गेला असता, तर त्याचं निलंबन ठरलेलं. सहीआधी त्याला बोलावलं, कबुली घ्यायला.

"काऊन भाऊ, या लाईनची इतकी वीज चालली कुठं?"

त्याने टेबलावरचा अहवाल पाहिला, आपलं नाव वाचलं. मग बराच वेळ पडद्यावरचा नकाशा बघत राहिला.

"साहेब, यात हायवेपल्याडचे दोन गावं नाई दिसून राह्यले. वादळात त्या बाजूच्या लाईनची तार तुटली, तवापासून ते याच लाईनवर हायेत. मीच जम्पर टाकून, मधे तारेचा तुकडा लावून जोडले."

"कोणाला विचारून?"

"तुमालेच. तुमी फोनवर म्हणलं, सध्या जोडून टाका, नकाशात मी घेतो."

मी घेतलं नव्हतं. साफ विसरलो होतो. मान वर करायची लाज वाटली. अहवाल त्याच्यासमोरच फाडला आणि माफी मागितली. "चालते साहेब," एवढंच तो म्हणाला.

चार दिवसांनी मी त्याला फोनवरून एक काम सांगितलं.

"साहेब, लिहून पाठवा. मंग करतो."