नीनाबाईंचे जोडे

सर्कशीत कपडे शिवणाऱ्या बाईजवळ चिंध्या जमतात तसे किस्सेही जमतात. फेकायला जावं तर हात धजत नाही. मी या एकाच तंबूत वीस वर्षं सुई चालवली. शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे सजवून लिहायला जमणार नाही. झालं तसं सांगते. ज्याला खोटं वाटेल त्यानं उठून जावं, मी कुणाला धरून ठेवलेलं नाही.

आज फक्त नीनाबाईंचे किस्से सांगते.

नीनाबाई रशियाच्या. लहानपणीच नाचाच्या शाळेत घातलेल्या, तिथल्या बादशहापुढे नाचलेल्या. मग तिकडे बादशाहीच गेली. देश सोडून नाचत नाचत बाई हैदराबादेला पोचल्या आणि एका नवाबाच्या लेकींना नाच शिकवू लागल्या. पुढे पोलीस ॲक्शन झाली, संस्थान विलीन झालं, नवाबसाहेब हवेली आवरून निघून गेले. बाई एक लोखंडी पेटी घेऊन आमच्या मालकांपुढे उभ्या राहिल्या. वय पन्नाशीला टेकलेलं.

मालकांनी सगळी हकिकत ऐकली. दाढी खाजवली. मग मला म्हणाले, "काशे, ही जिथं जाते तिथलं राज्य बुडतं. जा, आपल्या तंबूच्या दोऱ्या बघून ये."

पण ठेवून घेतलं. अट एकच. "नाच हाय तवर भाकर हाय. नाच थांबला की परभणीची मोटार, आन तिथून रेल्वे."

रेल्वेनं जायचं कुठे? बाईंना घर नव्हतं, देश नव्हता. नाच तेवढा होता.

*

बाईंचा नाच म्हणजे पायाच्या अंगठ्यांवर. टाच नाही, चवडा नाही. रिंगणात फळ्या अंथरायच्या आणि बाई त्यावर बोटांच्या टोकांनी तुरुतुरु चालायच्या.

ताडकळसला बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ होता. उन्हाळा असा की तंबूच्या खांबाला हात लावावा तर चटका. बाई अंगठ्यांवर उभ्या राहिल्या आणि पब्लिकनं टाळ्या सुरू केल्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी भरलेली कळशी घेऊन उठली, तरातरा रिंगणात आली आणि सगळं पाणी फळ्यांवर ओतलं.

"बाईचे पाय पोळायलेत," ती ओरडली, "आन तुमी बाप्ये टाळ्या काय वाजवायलाव?"

तंबू हसून लोळला. बाई नाही हसल्या. खेळ संपल्यावर पाय चोळत मला म्हणाल्या, "काशी, चाळीस बरस नाचली मी. पाय जळते, कोणी नाही पाहिलं. ही बुढी पाहिली."

*

झरीच्या मुक्कामी गावचे पाटील मालकांकडे आले. "बाईचे पाय उघडे दिसायलेत. लुगडं नेसवा, न्हाईतर खेळ बंद."

मालक हात जोडायला लागले. मी मध्ये पडले. "पाटील, नेसवते लुगडं. पण आधी तुमी घरी जाऊन धोतरात अंगठ्यावर उभं ऱ्हाऊन बघा. जमलं तर उद्या या."

मालकांना घाम फुटला. "काशे, तुझ्या तोंडापायी तंबू जाईल."

दुसऱ्या दिवशी पाटील आले. लंगडत आले. खुर्चीवर बसले, पाय लांब केला आणि म्हणाले, "लुगड्याचं राहू द्या."

*

बाईंच्या पेटीत रशियन पद्धतीचे जोडे होते, गुलाबी, टोकाला कडक. घालता घालता ते संपत आले. शेवटच्या जोड्याचं टोक जिंतूरला मऊ पडलं. जोडा नाही तर नाच नाही, आणि नाच नाही तर काय, ते मालक सांगून चुकले होते.

मी जोडा उचलला आणि मोटार स्टँडसमोरच्या उस्मानचाचांच्या दुकानात नेला. चाचा चपला करायचे, विहिरीच्या मोटा शिवायचे. त्यांना वाटलं, टोकात लोखंड असेल, निदान लाकूड. रापीनं उकलून बघितलं तर आत गोणपाट, कागद आणि खळ.

चाचांचा अपमानच झाला. "बादशहाच्या मुलकात चमडं न्हवतं का?"

पहिला जोडा त्यांनी दयेनं केला. बाईमाणसाला लागू नये म्हणून टोकात कापूस भरला. बाई उभ्या राहिल्या त्या थेट माझ्या अंगावर. दुसरा केला तो असा टणक, की फळीवर बाई चालल्या आणि पागेतून घोड्यानं उत्तर दिलं.

तिसरा चाचांच्या दुकानातच घालून बाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मग भिंत सोडली. चाचांनी मान खाली घातली आणि रापीला धार लावत बसले. बाईचा नाच बघायचा नाही, असा त्यांचा नेम.

*

पाच वर्षं चाचांनी जोडे केले. मुक्काम कुठंही असो, मी मोटारीनं जिंतूरला येऊन न्यायची. तंबूत पाय नाही ठेवला. जुना जोडा हातात घेऊन तळ बघायचे, बस.

"एकदा तरी या की बघायला," मी म्हणायची.

"कशाला? जोडा सांगतो की मला."

एकदा उलटापालटा करून म्हणाले, "बाईचा उजवा गुडघा दुखतो का? सगळा भार डाव्यावर टाकायलीय."

दुखत होता. रोज मीच तेल चोळत होते. मी दाराकडे बघितलं. "चाचा, हे मालकांपुढं बोलू नका."

*

मालकांना शेवटी दिसायचं ते दिसलं. पुन्हा जिंतूरचाच मुक्काम होता. म्हणाले, "बाई, आजचा खेळ करा. उद्या सकाळची मोटार."

मी भांडले. शिव्या दिल्या. मालकांना म्हणाले मी, कपडे तुम्हीच शिवा उद्यापासून. मालक बधले नाहीत. बाईंनी निमूट पेटी भरली.

त्या दिवशी उस्मानचाचा तंबूत आले. कुणी सांगितलं असेल ते असो. पुढच्या रांगेत बसले, गुडघ्यांवर हात. सबंध नाचात त्यांची नजर घोट्याच्या वर गेली नाही. बाई नाचल्या. उजव्या पायावर एकदाही आल्या नाहीत, आणि मी सांगितलं नसतं तर तुम्हालाही कळलं नसतं.

खेळ संपला. बाई धापा टाकत चाचांपुढे येऊन उभ्या राहिल्या. "कैसा था?"

चाचा जोड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डाव्याची शिवण अर्धा दोरा सरकलीय. उद्या घेऊन या."

सकाळी पेटी मोटारीच्या टपावर चढली. बाई खिडकीशी बसल्या, मांडीवर डावा जोडा. मालक निरोप द्यायला आलेले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तशा बाई उठल्या, खाली उतरल्या, समोरच्या दुकानात गेल्या आणि चाचांच्या हातात जोडा दिला. चाचांनी दोऱ्याला मेण लावायला घेतलं.

ड्रायव्हर ओरडला, "ओ चाचा, किती वेळ लागंल?"

चाचांनी मान वर केली नाही. "टाका पक्का घालायचाय."

मी पदर खोचला आणि टपावर चढले.

"काशे, काय करायलीस?" मालक खालून म्हणाले.

मी पेटी कडेला ओढली. "बाजूला सरका मालक, पायावर पडंल."