तक्रार : आवाज दोनदा येतो

आमच्या घरात तीन कोटेशनं मागवल्याशिवाय काहीही येत नाही. खोपोलीच्या एका कारखान्यात मी पंचवीस वर्षं खरेदी विभागात आहे, त्यामुळे ही सवय हाडात मुरली आहे. मिक्सर तीन कोटेशनांवर आला, गच्चीवरचे पत्रे तीन कोटेशनांवर आले. (लग्नाच्या वेळी मात्र मी दोनच स्थळं पाहिली होती. "तिसरं पाहिलं असतंत तर मी सुटले असते," असं मंगल, म्हणजे माझी बायको, अजून ऐकवते.)

तर मागच्या उन्हाळ्यात कर्जतजवळच्या दहिवलीतला आमचा जुना लँडलाइन बंद पडला. रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल उचलली, ती पुन्हा कोणी जोडली नाही. मला आणि मंगलला मोबाइल होते, आम्हाला काही फरक पडला नाही. फरक पडला तो आईला.

आई ऐंशीला टेकलेली. तिची धाकटी बहीण दुरपामावशी कोंडाण्याला राहते, आमच्यापासून रिक्षाने अर्ध्या तासावर. दोघी रोज दुपारी चार वाजता फोनवर बोलायच्या. रोप किती वर आलं, कोणाची म्हैस व्याली, सुनेने भाजीत मीठ किती टाकलं. (हा शेवटचा विषय आवाज खाली करून. पण आईचा खाली केलेला आवाज कर्जत स्टेशनवर ऐकू जाई.) मोबाइल तिला जमत नसे. गालाने बटण दाबलं जाऊन फोन कट व्हायचा आणि कट झाल्यावरही ती पाच मिनिटं बोलत राहायची. तिला हातात धरायला रिसिव्हर हवा होता.

चौकशी केल्यावर कळलं, की आता इंटरनेटवर चालणारा घरचा फोन मिळतो. भिंतीला वायफायचा डबा लावायचा, त्याच्या मागे साधा फोन जोडायचा, की झालं. मावशीच्या मुलाने, सुदामने, कोंडाण्याची लेणी बघायला येणाऱ्या ट्रेकरांसाठी घरात दोन खोल्या काढल्या, तेव्हाच असा फोन घेतला होता. आपल्याकडे कुठल्या कंपनीचा घ्यायचा, एवढाच प्रश्न होता. आणि स्वस्तातला घ्यायचा होता. माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न म्हणजे पंगतच.

मी तक्ता केला. महिन्याचं भाडं, डब्याचं डिपॉझिट, बोलणं फुकट किती, लाईट गेल्यावर चालतो की नाही. (नाही चालत. त्यासाठी छोटी बॅटरी लागते. तिचीही तीन कोटेशनं.) या सगळ्यात तीन आठवडे गेले. आई रोज चार वाजता बंद फोनशेजारी जाऊन बसे.

"अनंता, दुरपीचा फोन का नाय रं आला?"

"आई, लाईन लागायचीय अजून. मी कोटेशनं मागवलीत."

"बरं," म्हणून ती उठे, आणि चहा झाला की परत येऊन तेच विचारी. मला वाटायचं, आपल्यामागे लकडा लावतेय. तिच्या नादाने मी घाई मात्र केली नाही, याचा मला तेव्हा अभिमान होता.

शेवटी सगळ्यात स्वस्त तो घेतला. जुना नंबर राखायचा तर त्याचे जादा पैसे पडत होते. म्हटलं, नंबरात काय ठेवलंय? नवा घेतला.

पहिल्या दिवशी चार वाजता आम्ही तिघं फोनभोवती बसलो. मी स्पीकर चालू केला आणि कोंडाण्याचा नंबर लावला. इकडे मला ठाऊक नव्हतं, की सुदामने त्याच आठवड्यात मावशीला बसवून शिकवलं होतं : अनोळखी नंबरवर बोलायचं नाही, हल्ली चोर आपल्याच माणसाचा आवाज काढून पैसे मागतात.

"कोन बोलतंय?" मावशीचा आवाज आला.

"मी अक्का गं."

"कोन अक्का? ह्यो नंबर अक्काचा नाय."

"अगं दुरपे, मीच गं."

"तसं समदेच म्हनतात. खरी अक्का असशील तर सांग, आपल्या म्हशीचं नाव काय हुतं?"

मंगलने तोंडाला पदर लावला. मला तर हसून खुर्चीवर बसवेना. आईने माझ्याकडे पाहिलं, मग मंगलकडे, मग फोनच्या डब्याकडे.

"मोती," ती म्हणाली.

मग मावशीने फोन ठेवला.

मोती हा त्यांच्या शेजारच्या घरचा कुत्रा होता, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी काढलेला निष्कर्ष असा : आवाजाची क्वालिटी खराब आहे. आई बरोबर बोलली, तिकडे भलतंच ऐकू गेलं. स्वस्त घेतलं की असं होतं. मी सुदामला फोन करून नवा नंबर कळवला, आणि महिना भरल्यावर त्या कंपनीचा डबा परत करून दुसऱ्या कंपनीचा आणून त्याचाही नंबर कळवला. (हा स्वस्तात दुसरा होता.)

आता मावशी फोन घेऊ लागली. पण या नव्या लाईनीत वेगळाच दोष निघाला. एका रविवारी स्पीकर चालू ठेवून मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो.

"लावनी झाली का गं दुरपे?"

"झाली अक्का. वरचं खाचर तेवढं ऱ्हायलंय."

मग मंगलच्या भाजीबद्दल दोन वाक्यं झाली. मग :

"लावनी झाली का गं दुरपे?"

"झाली अक्का. वरचं खाचर तेवढं ऱ्हायलंय."

मी पेपर खाली ठेवला. थोड्या वेळाने लावणीचं वाक्य तिसऱ्यांदा आलं, उत्तरही तिसऱ्यांदा आलं, तेच्या तेच, त्याच सुरात. हा सरळसरळ इको होता. मी मोबाइलमधलं स्टॉपवॉच काढलं आणि कागदावर वेळा टिपायला सुरुवात केली. आठवडाभराची नोंद हाताशी आल्यावर कंपनीला फोन केला.

"आवाज दोनदा येतो," मी सांगितलं. "कधी कधी तीनदा."

"लगेच येतो का, सर?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"नाही. दोन-तीन मिनिटांनी."

"सर, इको इतक्या उशिरा येत नाही."

"माझ्याकडे लेखी आहे," मी म्हटलं. "वेळेसकट."

तिने तक्रार नोंदवून घेतली. तोवर मी स्वतःचे उपाय सुरू केले. डबा आधी टीव्हीजवळ होता, तो गव्हाच्या पिंपावर ठेवला. तिथून माळ्यावर. माळ्यावरून देव्हाऱ्याशेजारी. तिथे त्याचा हिरवा दिवा लुकलुकायला लागल्यावर आई सकाळी देवांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावू लागली. फोनची वायर डब्याला बांधलेली, त्यामुळे डबा जाईल तिकडे फोन आणि फोन जाईल तिकडे आई, असा आमचा संसार घरभर फिरत होता. आवाज होता तसाच दोनदा येत होता.

मंगल एकदा म्हणाली, "अहो, मला नाही वाटत फोनचं काही आहे. आई काल दोनदा आंघोळीला गेल्या."

"उकडतंय," मी म्हटलं.

"परवा मला विचारलं, तू कोणाची गं?"

"मंगल, चष्म्याचा नंबर वाढला असेल. चष्मेवाल्याचंही कोटेशन घेऊ."

ती भांडी आवरायला गेली. माझी बायको वाद अर्ध्यावर सोडत नाही. तिने सोडला, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

तिसऱ्या तक्रारीनंतर कंपनीने माणूस पाठवला. कदम त्यांचं नाव. पन्नाशी उलटलेले, चौक गावचे, आधी जुन्या लँडलाइनच्या खांबांवर चढून आयुष्य काढलेले आणि आता या डब्यांवर आलेले. त्यांनी आधी वायरी पाहिल्या. मग मला माझा मोबाइल घेऊन अंगणात पाठवलं आणि आमच्या फोनवरून मला फोन लावला.

"एक ते धा मोजा," म्हणाले.

मी मोजले. मग त्यांनी मोजले. आकडा न् आकडा स्वच्छ, एकदाच.

"आता आजींना लावू द्या."

चार वाजायचेच होते. आईने फोन लावला. कदम जवळ स्टुलावर बसले, कानाला आपलं टेस्टिंगचं यंत्र लावून. मी कागद-पेन्सिल घेऊन उभा. लावणीचं वाक्य आलं. माझी पेन्सिल चालली. वाक्य पुन्हा आलं. मी विजयी मुद्रेने कदमांकडे पाहिलं. पण ते माझ्याकडे पाहत नव्हते. ते आईच्या तोंडाकडे पाहत होते.

फोन झाल्यावर त्यांनी यंत्र पिशवीत ठेवलं आणि मला ओटीवर घेऊन आले.

"सायेब, लाईन साफ हाय."

"अहो, पण आत्ता तुम्हीच ऐकलंत ना?"

"ऐकलं. तुमी फोनमंदलं ऐकताय. आजी जवळ बसून बोलतायत, त्येंचं त्वांड बघितलंत का? वाक्य त्याच दोनदा बोलतायत."

मी काहीतरी म्हणणार होतो. डिले, नेटवर्क, असलं काहीतरी. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. ती मंगलला विचारत होती.

"मंगल, चार वाजलं न्हवं? दुरपीचा फोन का नाय गं आला?"

"येईल आई," मंगल म्हणाली. "बसा तुम्ही. चहा टाकते."

तिने ते इतक्या सहज म्हटलं, की माझ्या लक्षात आलं, हे ती कितीतरी दिवस म्हणत असणार. कदमांनी फॉर्मवर माझी सही घेतली. पेनाचं टोपण मला लागेना, तेव्हा त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन लावलं आणि चहाही न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कोंडाण्याला गेलो. मावशी पडवीत बसून वाल सोलत होती. मी सगळं सांगायला सुरुवात केली, पण माझं अर्धं होईपर्यंत ती मान हलवायला लागली होती.

"मला म्हाईत हाय रं अनंता."

"कधीपासून?"

"त्या पयल्या फोनपासून. म्हशीचं नाव इचारलं ना मी तिला? चंद्री. चंद्रीची आय तिला जनम दिऊन मेली, तवा अक्कानं तिला बोळ्यानं दूध पाजून वाढिवली. अक्का सासरी गेली तशी तीन दिस म्हस वैरनीला त्वांड लावंना. ती म्हस अक्का कशी इसरंल?"

"मला वाटलं, चोर समजून फोन ठेवलास."

"चोर कशाला? अक्काचा आवाज मला कळत नाय व्हय?" तिने वालाची सालं सुपाच्या कडेला सारली. "चोर असता तर दोन शिव्या दिल्या असत्या. अक्काच हुती, म्हनून ठेवला. मला रडाया आलं हुतं."

मी वाल सोलू लागलो. थोड्या वेळाने विचारलं, "आणि मग ते लावणीचं? ती तेच तेच विचारते आणि तूही तेच सांगतेस. कंटाळा नाही येत?"

"ती पयल्यांदाच इचारते रं. तिच्या लेखी पयल्यांदाच. मंग मी पन पयल्यांदाच सांगते."

परत निघताना तिने पिशवीत सोललेले वाल दिले आणि म्हणाली, "डबा आता कुटं हालवू नको. तिची बसायची जागा एक राहू दे."

आईला पनवेलच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मेंदूचे फोटो काढले, गोळ्या दिल्या, आणि फार आशा ठेवू नका, हे चांगल्या शब्दांत सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं, तिसऱ्याचं घ्यावं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मंगलने माझा हात धरला आणि आम्ही घरी आलो.

आता फोन मावशीच करते, रोज चारला. काही दिवशी आई खुलते आणि माझ्या लहानपणच्या खोड्या तिला सांगते, आवाज खाली करून. काही दिवशी रिसिव्हर कानाला लावून विचारते, "कोन दुरपी?" मग मावशी सांगते. आईबापाचं नाव, गावाचं नाव, ओहोळाकाठचं आंब्याचं झाड. मी त्या वेळेला घरी असलो, तर शेजारी बसतो. पेपर घेत नाही.

परवा कंपनीतून त्याच मुलीचा फोन आला. माझी तक्रार त्यांच्या संगणकात अजून उघडी होती.

"सर, आवाज दोनदा येण्याचा प्रॉब्लेम सुटला का?"

"नाही," मी म्हटलं. "आता चार-पाचदा येतो."

ती घाबरली. "मग माणूस पाठवू का, सर?"

"नको. तक्रार बंद करून टाका."

"बंद करताना कारण लिहावं लागतं, सर. दोष लाईनमध्ये होता, की फोनमध्ये?"

मी जरा विचार केला.

"लाईन चांगली आहे, फोनही चांगला आहे," मी म्हटलं. "ग्राहकाला ऐकू येत नव्हतं, असं लिहा."