कासवाचं तोंड

नव्या घरात आमच्याबरोबर तीन परके राहतात. दारात एक पितळी, पोट सुटलेला म्हातारा बसलाय, तो सारखा हसतो. टीव्हीशेजारी बेडूक, तोंडात नाणं धरलेला. त्याला तीनच पाय. मला वाटलं चौथा मोडला. खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, म्हणून फडक्यात बांधून नदीत सोडायला निघालो, तर सूनबाईने लिफ्टपाशी गाठलं.

"बाबा, त्याला मुळातच तीन पाय असतात. शुभ असतं ते."

देवाने बेडकाला चार दिले, कुणीतरी एक काढून घेतला आणि मग तो शुभ झाला. हे मला अजून उमगलेलं नाही.

तिसरं पितळी कासव. माझी गोष्ट त्याचीच.

सूनबाई पुण्याकडची, शिकलेली, ऑफिसात जाते. चिनी वास्तुशास्त्राचं तिला वेड. माझी शाळा तिसरीपर्यंत, पुढचं सगळं मिठागरात. दसऱ्याला नवव्या मजल्यावर राहायला आल्यापासून मला कुणी काही विचारत नव्हतं. गॅसचं बटण कसं, नळ कुठला गरम, मीच सगळ्यांना विचारायचो. त्यामुळे ती कासव, ताटली आणि पाणी घेऊन पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, उत्तर कुठली? याचं तोंड उत्तरेला हवं," तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो.

"उत्तरेला कोण देव हाय?" मी विचारलं. आमच्या गावच्या देवळातलं दगडी कासव देवाकडे तोंड करून असतं.

"देव नाही. घराला स्थिरता येते म्हणतात."

कासवाला दिशेची काय पडलीय, कोण जाणे. पण दिशा विचारली होती मला. मिठागरात वारा अंगाला लागला की मीठ कुठल्या कोपऱ्यात जमणार ते मी सांगायचो, आणि जमायचं. मी गॅलरीकडे हात केला. रोज सकाळी मी तिथे आंघोळ करून तांब्या घेऊन उभा राहतो, समोरून सूर्य वर येतो, मी हात जोडतो, पाणी तुळशीला घालतो. सूर्य उगवतो ती पूर्व. डावा हात ती उत्तर. यात शाळेचं काम नाही.

मुलाने फोन काढला. "बाबा, यात होकायंत्र आहे. हे बरोबर उलटं दाखवतंय."

"त्याच फोनाने परवा उलव्याला जाताना बंद रस्त्यावर नेऊन उभा केला ना? डंपरवाला हसत होता तुला."

"तो नकाशा होता."

"आणि हा त्याचा भाऊ. सूर्य खोटा नि तुझा फोन खरा?"

तो काही तरी बोलणार होता, पण सूनबाईने ताटली ठेवून दिली. "राहू दे. बाबा म्हणतात तसंच." कासवाचं तोंड माझ्या उत्तरेला झालं. माझी कॉट लावतानाही माझाच शब्द चालला होता, उत्तरेला डोकं करायचं नाही म्हणून. त्या दिवशी मी एक चपाती जास्त खाल्ली.

पंधरा दिवस असे गेले. मी दुपारी आतल्या खोलीत पडतो, चार वाजता खाली मंडळींत जाऊन बसतो आणि दिवे लागल्यावर वर येतो. एक दिवस गुडघा सुजला म्हणून खाली गेलो नाही. गॅलरीत बसलो होतो. समोर रस्त्यापलीकडे एक काचेची इमारत आहे. हळूहळू ऊन लाल झालं, आणि सूर्य त्याच इमारतीमागे बुडाला.

सकाळी तिथूनच उगवला होता.

मी डोळे पुसले. म्हातारपण असेल म्हटलं. खाली जमिनीवर मला दिशा बरोबर कळतात. लिफ्टमध्ये शिरलो की किती वेळा वळतो त्याचा हिशोब राहत नाही, हेही मान्य. पण सूर्याला असं कोण फिरवणार? जेवणात लक्ष नव्हतं. मुलाला विचारावं तर तो फोन काढणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने चहा दिला तेव्हा तिला विचारलं, "तुमच्या खोलीत ऊन कधी येतं गो?"

"उठल्या उठल्या तोंडावर. म्हणून तर एवढा जाड पडदा लावलाय. या ना, दाखवते."

सुनेच्या खोलीत सासरा पाय ठेवत नाही. मी ती खोली आतून कधी पाहिली नव्हती. उंबऱ्याशीच थांबलो. तिने पडदा सारला. सूर्य तिथे होता, खरा, डोळ्यांत मावेना असा. उजव्या हाताला लांब कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका, जो पाहून आम्ही लहानपणापासून दक्षिण ओळखायचो.

म्हणजे गॅलरीत मी दसऱ्यापासून काचेतल्या सूर्याला हात जोडत होतो. आणि कासव पंधरा दिवस यमाच्या दिशेला बघत होतं, माझ्या शब्दावर. उत्तरेला डोकं करून मीच झोपत होतो.

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं असावं. पडदा उघडाच ठेवून ती स्वयंपाकघरात गेली.

मी बाहेर येऊन ताटली धरली आणि कासव फिरवलं. थोडं पाणी सांडलं, ते धोतराने पुसलं. तेवढ्यात मुलगा न्हाणीतून बाहेर आला.

"कासव कुणी फिरवलं?"

गप्प राहिलो असतो तर सून म्हणाली असती, पुसताना फिरलं. स्वयंपाकघराच्या दारातून ती तसं म्हणायला तोंड उघडतही होती.

"मी फिरवलं," म्हटलं. "माझी उत्तर चुकली होती."

"नकाशाच्या भावाने सांगितलं होतं," तो म्हणाला.

"कॉट तशीच राहील. एकदा लावली ती लावली."

"आणि डोकं?"

"डोकं माझं हाय."

आता मला कोण विचारणार, असं मनात घेऊन मी खुर्चीत बसलो. सूनबाई टीव्हीपाशी धूळ पुसत होती. तिने बेडूक उचलला, दोनदा इकडे तिकडे केला.

"बाबा, याचं तोंड दाराकडे ठेवू की घरात?"

मी बेडकाकडे पाहिलं, मग दाराकडे. मला खरंच ठाऊक नव्हतं.

"घरात," म्हटलं. "येणाऱ्याची पाठ दाराकडेच असते."

तिने तसा ठेवला. फोन बघितला नाही.

रात्री मी उशी पायथ्याला नेली. सूर्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. खरा सुनेच्या खोलीत उगवतो आणि तुळस गॅलरीत आहे.