डागवालीचं शिफारसपत्र

लाँड्रीवाल्या काकूंना खोटं बोलता येत नसे आणि याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. गिऱ्हाइकाने महागडा कोट पुढे केला, की चष्मा कपाळावर चढवून त्या तोंडावर सांगत, "घरी घासून तुम्हीच वाट लावलीय याची. आता आमच्याकडे चमत्कार मागू नका." गिऱ्हाईक ओशाळून जाई आणि पुढच्या आठवड्यात गठ्ठा घेऊन पुन्हा तिथेच येई. नवरा गेल्यापासून सव्वीस वर्षं काकूंनी ही लाँड्री अशीच नाकासमोर चालून चालवली होती.

चमत्कार करायचाच झाला, तर तो डागवाली करी. रजिस्टरात तिचं नाव होतं, पण त्या नावाने तिला कोणी हाक मारत नसे. मागच्या खोलीत, बॉयलरच्या शेजारी तिचं टेबल. कपडा नाकाशी नेऊन ती सांगे, हे रक्त, हे औषध, हा गंज. मग थंड पाणी लावायचं की मीठ-लिंबू, ते ठरे. रक्ताच्या डागाला कोणी गरम पाणी लावलं, की तिचा पारा चढे. "शिजवलंत ना? आता खा!" गावातल्या इस्पितळाच्या चादरी या लाँड्रीकडे येत त्या काकूंच्या गोड बोलण्यामुळे नक्कीच नव्हे.

डागवाली सीमेपलीकडची, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मग कायदा बदलला. ठरलेल्या सालाआधी आलेल्यांनी राहायचं, नंतर आलेल्यांनी परत जायचं, आणि कागद नसलेला माणूस जिथे सापडेल त्या कारखान्याला कुलूप. समोरच्या बेकरीतले तिघं भट्टीवाले एका आठवड्यात दिसेनासे झाले. बेकरीवाला स्वतः पीठ मळायला बसला आणि पाव विटेसारखे निघू लागले. लाँड्रीतले दोन इस्त्रीवाले रस्त्यावर तपासणीची गाडी उभी बघून जे गेले, ते पगार घ्यायलाही आले नाहीत. बाहेरच्यांना हाकला म्हणून वर्षभर घसा कोरडा करणारेच आता काउंटरवर येऊन, आमचे शर्ट अजून का नाहीत, म्हणून डोळे वटारत होते.

डागवालीने राहण्यासाठी अर्ज केला होता आणि निकाल लागेपर्यंत तिला कामावर ठेवायची मुभा होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. अर्ज भरून देणाऱ्या एजंटाने तिच्या येण्याचं साल एक वर्ष आधीचं टाकलं होतं आणि याबद्दल तोंड मिटून राहायला तिला बजावलं होतं. काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. अर्ज तपासणाऱ्या कचेरीने त्यांच्याकडे नोकरीचा दाखला मागितला. डागवालीचा वकील फोनवर म्हणाला, "दोन ओळी पुरे. कामाला आहे, वागणूक चांगली आहे. आणि पाठवण्याआधी मला दाखवा."

दोन ओळींवर भागवणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. जिने आपली लाँड्री तारली, तिच्याबद्दल दोन ओळी? त्यांनी दोन पानं लिहिली.

मुलगा म्हणाला, "आई, वकिलांना दाखव आधी."

"जे खरं आहे ते लिहिलंय. त्यात वकिलाने काय बघायचं?" असं म्हणून त्यांनी पाकीट स्वतःच कचेरीत नेऊन दिलं.

बावीस वर्षांत तिने एक चादर वाया घालवली नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. माझ्या आजारपणात तिने लाँड्री एकटीने सांभाळली, हेही होतं. आणि मधोमध एक ओळ होती : 'ती आली ते साल मला पक्कं आठवतं, कारण त्याच महिन्यात आम्ही नवा बॉयलर बसवला, सीमा ओलांडून तिला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते.' कोणी शंका काढू नये म्हणून त्यांनी बॉयलरच्या बिलाची झेरॉक्सही जोडली होती.

कायद्यात ठरलेलं साल बिलावरच्या तारखेच्या सात महिने आधीच संपलं होतं.

मंगळवारी दुपारी तिला टेबलावरूनच नेलं. अधिकारी सभ्य होता, तिला हात धुऊ दिले. चौथ्या दिवशी काकूंच्या नावाने कचेरीचं पत्र आलं. आपण दिलेल्या स्पष्ट माहितीमुळे प्रकरणाचा निकाल लवकर लागला, आपले आभार. काकूंनी ते तीनदा वाचलं, मग आपल्या पत्राची प्रत काढून बॉयलरच्या ओळीवर बोट ठेवलं.

परत पाठवायच्या लोकांना ठेवतात त्या इमारतीत भेटीला दहा मिनिटं मिळाली. मध्ये काच होती आणि तिच्याखाली बोटभर फट.

"अगं, ते पत्र मी..."

"माहितीये. वकिलांनी सांगितलं."

"मला शिव्या घाल."

"दिल्या की. दोन दिवस देत होते." डागवाली खुर्ची ओढून पुढे सरकली. "दोन पानं लिहिलीत म्हणे. आणलीत का? वाचा ना."

काकूंच्या पर्समध्ये प्रत होती. त्या वाचू लागल्या. चादरींचं वाचलं, आजारपणाचं वाचलं. बॉयलरच्या ओळीपाशी त्या थांबल्या. डागवाली म्हणाली, "थांबू नका, वेळ जातोय." मग त्यांनी तेही वाचलं. डागवाली डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"ती पानं मला द्या," ती म्हणाली. "तिकडे माझं कोणी उरलेलं नाही. या वयात दारोदार काम मागायला लागणार. हे दाखवीन."

"हे नको गं. मी दुसरं लिहून देते, ती ओळ काढून."

"कशाला? तिकडे ते साल कोणाला नडणार नाही."

काकूंनी दोन्ही पानांची घडी घातली आणि काचेखालच्या फटीतून आत सरकवली.